दिवे मालवायला वीस दिवस

प्रश्न असा आला आहे: "आमच्या फिल्म सोसायटीत हा वाद दर महिन्याला होतो. शंभर-दोनशे कोटींचा सिनेमा म्हणजे निव्वळ धंदा, त्यात कला शोधूच नये, असं निम्मे लोक म्हणतात. तुम्ही छोट्या आणि मोठ्या दोन्ही प्रकारच्या चित्रपटांचं संकलन केलं आहे. मोठ्या बजेटच्या चित्रपटात खरंच कलामूल्य असू शकतं का?"

असू शकतं. काही गोष्टी तर मोठा पैसा हाताशी असल्याशिवाय पडद्यावर येतच नाहीत. हे मी चित्रपटाचा चाहता म्हणून सांगत नाही, रशेस, म्हणजे शूटिंगचं कच्चं चित्रण, बघणारा माणूस म्हणून सांगतो. १९९२ साली मी असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म बघून कापायच्या टेबलावर, काम चालायचं. हातात पांढरे मोजे, बाजूला बिनमध्ये लटकणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर ग्रीस पेन्सिलच्या खुणा. त्यानंतर बावीस दिवसांत शूटिंग उरकलेले मराठी चित्रपटही मी कापले आणि दोनशे दिवस शूटिंग चाललेले हिंदीही. पैसा कुठे गेला, हे संकलकाइतकं कुणालाच दिसत नाही. निर्मात्याला तो हिशेबाच्या वहीत दिसतो, आम्हाला तो शॉटमध्ये दिसतो.

आधी एक गुंता सोडवून घेऊ. ब्लॉकबस्टर या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो: किती खर्च झाला आणि किती गल्ला जमला. 'सैराट' सुमारे चार कोटींत झाला आणि शंभर कोटींच्या वर गेला. त्याला मोठ्या बजेटचा सिनेमा म्हणता येणार नाही. उलट १९६३ सालच्या 'क्लिओपात्रा'वर चार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि त्या खर्चाने त्याचा स्टुडिओ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. तुमच्या वादातले निम्मे लोक खर्चावर चिडलेले असतात आणि निम्मे लोकप्रियतेवर. आधी खर्चाचं बोलतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

'शोले' घेऊ. सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून तो नीट पाहिलेला नसतो. १९७५ साली तो आला तेव्हा त्याचा खर्च सुमारे तीन कोटी रुपये होता आणि त्या काळात हा आकडा ऐकून लोक दिग्दर्शक रमेश सिप्पींना वेड्यात काढत होते. हा पैसा कुठे गेला, असं विचारलं की लोक आगगाडीवरची मारामारी दाखवतात. ते खरंच आहे. पनवेलच्या बाजूला मुंबई-पुणे मार्गावर ती मारामारी सात आठवडे चित्रित होत होती. पण मला तुमचं लक्ष दुसरीकडे न्यायचं आहे. राधा हवेलीच्या सज्जातले दिवे एकेक करून मालवते आणि समोरच्या पायरीवर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. पडद्यावर एक-दोन मिनिटांचा मामला. या दृश्याला सुमारे वीस दिवस लागले.

वीस दिवस कशाला? छायालेखक द्वारका दिवेचा यांना ते दृश्य सूर्य बुडाल्यानंतरच्या उजेडात हवं होतं. आकाशात रंग शिल्लक आहे, जमिनीवर काळोख उतरलाय आणि दिव्याची ज्योत दोन्हींमध्ये उठून दिसते, अशी वेळ दिवसातून काही मिनिटंच मिळते. तेवढ्यात एखादा शॉट होतो. कधी ढग येतात, कधी ट्रॉलीची हालचाल बिघडते, कधी कुणाचं पाऊल चुकतं आणि आजचा दिवस वाया जातो. मग उद्या पुन्हा. युनिट तिथेच, नट तिथेच, जेवणखाण, भाडी, पगार सगळं चालू.

छोट्या बजेटचा कुठलाही दिग्दर्शक हे करू शकत नाही, मग तो कितीही प्रतिभावान असो. तो एक संध्याकाळ प्रयत्न करील आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या लोकेशनला जाईल, कारण जावंच लागेल. आणि मोठ्या बजेटचा बहुतेक कुठलाही दिग्दर्शक हे करत नाही, कारण तो तोच पैसा आणखी शंभर घोड्यांवर घालतो. दोन माणसांमधलं न बोललेलं नातं आणि त्यासाठी वीस संध्याकाळी: त्या चित्रपटाचं कलामूल्य मला या खर्चात दिसतं. विधवा स्त्री आणि परका गुंड यांच्यात काय घडतंय, हे त्या काळच्या लोकप्रिय हिंदी चित्रपटाला संवादात सांगताही आलं नसतं. ते उजेडाने सांगितलं.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. चित्रपटात पैशाने मुख्यतः एकच गोष्ट विकत मिळते, ती म्हणजे वेळ. वाट बघायला वेळ, पुन्हा करायला वेळ, फेकून द्यायला वेळ. तो वेळ दिग्दर्शकाने कशाकडे बघण्यात घालवला, हे पडद्यावर उतरतं. तेव्हा एखाद्या मोठ्या चित्रपटाबद्दल मत बनवताना खर्चाचा आकडा विचारू नका. त्या माणसाने वाट कशाची पाहिली, ते विचारा.

परदेशातलं एक उदाहरण माझ्या धंद्यातलंच देतो. जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' २०१५ साली आला. सुमारे पंधरा कोटी डॉलरचा खर्च, नामिबियाच्या वाळवंटातलं शूटिंग, दोन तासांचा जवळजवळ अखंड पाठलाग. त्याच्या संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्याकडे सुमारे ४८० तासांचं फूटेज आलं. त्यांनी आधी कधी ॲक्शनपट कापला नव्हता. ते फूटेज नुसतं बघायलाच त्यांना तीन महिने लागले. अखेर चित्रपटात सुमारे २७०० कट आले. दोन तासांत २७०० कट म्हणजे दर अडीच-पावणेतीन सेकंदांना एक. एवढ्या वेगाने कापलेले चित्रपट बाजारात ढिगाने आहेत आणि त्यातले बहुतेक बघताना डोकं दुखतं. हा दुखत नाही. का?

छायालेखक जॉन सील यांना मिलर यांची ताकीद होती की महत्त्वाची गोष्ट, म्हणजे चेहरा, बंदुकीची नळी, चाक, जे काही असेल ते, चौकटीच्या मध्यभागीच राहिली पाहिजे. त्यामुळे कट पडला तरी प्रेक्षकाच्या डोळ्याला नवीन शॉटमध्ये शोधाशोध करावी लागत नाही. नजर होती तिथेच राहते आणि चित्र बदलतं. ऐकायला सोपं वाटेल. पण कित्येक महिन्यांचं शूटिंग, अनेक कॅमेरे, धावत्या गाड्या आणि धुळीचे लोट यांत ही शिस्त पाळणं म्हणजे गवयाने तीन तासांच्या मैफिलीत एकदाही षड्ज न सोडण्यासारखं आहे. आम्ही तो चित्रपट एकदा आवाज बंद करून पूर्ण पाहिला होता. कोण कुठे आहे, कोण कुणाच्या मागे आहे, हे एकदाही हरवलं नाही. सिक्सेल यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळालं. मला त्या वर्षी स्वतःच्या घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधली काडी तुम्हाला माहीत असेलच. लॉरेन्स पेटती काडी फुंकतो आणि कट पडतो तो थेट वाळवंटातल्या सूर्योदयावर. संकलक ॲन कोट्स यांनी सांगितलेली हकिकत अशी की तिथे मुळात डिझॉल्व्ह ठरला होता, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणार होतं. त्या काळी डिझॉल्व्ह लॅबमध्ये होत असे. एडिटिंग रूममध्ये फिल्मवर फक्त खूण केलेली असे आणि दोन्ही शॉट एकमेकांना नुसते चिकटवलेले असत. ते तसं चालवून बघितल्यावर कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या लक्षात आलं की थेट कटच जास्त भिडतोय, आणि तो तसाच ठेवला. या चित्रपटावर दीड कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या क्षणाला एक पैसाही लागला नाही. पण पुढच्या शॉटमधला तो सूर्योदय खऱ्या वाळवंटात, तेवढ्या मोठ्या आकाराच्या फिल्मवर टिपलेला नसता तर त्या कटमध्ये जीव नसता. छोटी काडी आणि अफाट क्षितिज, दोन्ही लागतात.

आता तुमच्या सोसायटीतल्या मित्रांना एक नाव जरूर सांगा: मंगेश देसाई. परळच्या राजकमल कलामंदिर या स्टुडिओत ते री-रेकॉर्डिस्ट होते. संवाद, संगीत, पावलांचे आवाज, वारा हे सगळे वेगवेगळे ट्रॅक एकत्र बांधून अंतिम ध्वनी तयार करणं हे त्यांचं काम. 'शोले'च्या री-रेकॉर्डिंगवर त्यांचं नाव आहे. आणि सत्यजित राय कोलकात्याहून आपले चित्रपट मिक्सिंगसाठी याच माणसाकडे घेऊन येत. एकच कान, एकच मिक्सिंग टेबल. सकाळी राय यांच्या चित्रपटातली शांतता जुळवताना देसाईंचा कान कलावंताचा होता आणि संध्याकाळी गब्बरच्या पट्ट्याचा खडकावरून घासत जाणारा आवाज जुळवताना तो व्यापाऱ्याचा झाला, असं कुणाला म्हणायचं आहे का? मला तरी म्हणता येत नाही. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तोही संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. सुमारे तीन लाख फूट फिल्ममधून त्यांनी वीस हजार फुटांच्या आसपासचा चित्रपट काढला. आमच्या पिढीतल्या मराठी संकलकांना हे नाव देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी मोठ्या चित्रपटांची वकिली करतोय. तसं नाही. मोठ्या बजेटमध्ये एक रोग असतो आणि तो मी जवळून पाहिला आहे. तो रोग म्हणजे भीती.

काही वर्षांपूर्वी मी एका भव्य ऐतिहासिक चित्रपटाच्या संकलनात होतो. प्रदर्शनाची तारीख पटकथा पूर्ण व्हायच्या आधीच जाहीर झाली होती. लढाईचं दृश्य माझ्याकडे आलं तेव्हा त्यात घोडे नव्हते, तट नव्हता, शत्रू नव्हता. हिरव्या पडद्यापुढे चौदा माणसं तलवारी फिरवत होती. जिथे सैन्य यायचं तिथे मी काळ्या पट्टीवर "इथे घोडदळ" असं लिहून सेकंद मोजून जागा सोडत होतो. घोडदळ आलं ते प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात. त्याची चाल मी कापलेल्या लयीशी जुळत नव्हती आणि बदलायला दिवस उरले नव्हते. तेही मी सोसलं असतं. पण त्याच चित्रपटात लढाईला निघालेल्या मुलाकडे आई नुसती बघते, असा एक शॉट होता. नऊ सेकंदांचा. नटीने काय केलं होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पापणी लवत नव्हती आणि गळ्याची शीर मात्र हलत होती. एडिटिंग रूममध्ये त्या दिवशी सात माणसं बसली होती आणि त्यांच्यातल्या एकाला वाटलं की इथे प्रेक्षक मोबाइल काढेल. नऊचे पाच झाले. पुढच्या बैठकीत पाचाचे तीन झाले. तीन सेकंदांत आई दिसते, पण ती बघतेय हे कळत नाही. त्या खोलीतला कुणीही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकाच्या डोक्यावर एवढ्या पैशांचं ओझं होतं की धोका पत्करायची कुणाचीच छाती होत नव्हती. मी पुरेसं भांडलो नाही, याची टोचणी मला आजही आहे.

अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१९ साली सुपरहीरोपटांबद्दल जी तक्रार केली तिचा गाभा हाच होता, असं मी समजतो. त्यांचा रोख खर्चावर नव्हता. त्याच वर्षीच्या त्यांच्या स्वतःच्या चित्रपटावर पंधरा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता. तिथे धोकाच शिल्लक राहिलेला नाही, हे त्यांचं दुखणं होतं. सगळं आधीच तपासून, चाचणी घेऊन, गुळगुळीत करून येतं, म्हणून त्या चित्रपटांत कुणा एका माणसाची नजर उरत नाही. मला हे पटतं. फक्त त्यातून "मोठं ते सगळं पोकळ" असा निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही.

'शोले'लाही ही भीती चुकली नाही. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला. मग पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. तीन कोटी अडकलेले असताना भांडायला जागा किती असणार? तो शेवट मला कायम सैल वाटत आला. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्यावरही 'सेव्हन सामुराय'च्या वेळी असाच ताण होता. खर्च ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे गेला, स्टुडिओने मधेच काम थांबवलं आणि शूटिंग जवळजवळ वर्षभर लांबलं. पण ते मागे हटले नाहीत. शेवटची पावसातली लढाई त्यांनी अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपली. म्हणून तो चिखल, ती धडपड, घसरणारी माणसं आपल्यापासून हातभर अंतरावर वाटतात. ती लढाई १९५४ सालची आहे आणि आजही मी नव्या असिस्टंटला कटिंग शिकवताना तीच लावतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण फिल्म सोसायटीत ती कुणी सांगत नाही. गरिबीत आपोआप कला निपजत नाही. मी कापलेल्या एका छोट्या मराठी चित्रपटात बापलेकाचं शेवटचं बोलणं संध्याकाळी अंगणात व्हायचं होतं. शेड्यूल आटपत नव्हतं म्हणून ते भर दुपारी दोन वाजता उरकलं. डोक्यावरचं ऊन, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, दोन्ही नट डोळे बारीक करून बोलतायत. दुसरा टेक नाही, क्लोजअप एकाच बाजूचा. डीआयमध्ये, म्हणजे संगणकावर रंग जुळवताना, रंग बदलून आम्ही त्याची संध्याकाळ करायचा प्रयत्न केला. रंग बदलतो हो, पण सावलीची लांबी बदलत नाही. त्या दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखं खूप होतं. त्याला आणखी तीन संध्याकाळी मिळाल्या असत्या तर तो प्रसंग विसरता आला नसता.

राहिला लोकप्रियतेचा आक्षेप. जे लाखो लोकांना आवडतं ते उथळच असणार, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. त्यांतले एक ध्वनीतले जाणकार, दुसरे कलादिग्दर्शनातले. दोघंही कारागिरीच्या अंगाने दिग्दर्शनात आलेले. त्या चित्रपटात चमत्कार आहेत, वैकुंठाला जाणारं विमान आहे, म्हणजे त्या काळातले स्पेशल इफेक्ट्सच. आणि त्याच चित्रपटात संसाराने त्रासलेली, नवऱ्यावर कावलेली जिजाई आहे, जी आजही शेजारच्या घरातली वाटते. गावोगावच्या लोकांनी विमान बघायला गर्दी केली असेल. घरी जाताना जिजाई बरोबर घेऊन गेले. त्याही आधी फाळक्यांनी ट्रिक फोटोग्राफी आणि भक्ती एकत्रच पडद्यावर आणली होती. आपल्याकडे नवल आणि भाव हे दोन वेगळे कप्पे सुरुवातीपासूनच नव्हते.

आता एक काम सांगतो, ते करा आणि मग पुढच्या महिन्यात वाद घाला. 'शोले'तलं ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचं दृश्य लावा. आधी आवाज पूर्ण बंद करून बघा. गोळी लागते त्या क्षणी चित्र गोठतं, प्रत्येक वेळी. मग शेवटी लहान मुलावर बंदूक रोखली जाते आणि शिंदे कापतात ते थेट धावत्या आगगाडीवर. पोराचं मरण दाखवलेलंच नाही. आकाशाकडेही लक्ष द्या. तो ढगाळ उजेड सगळ्या शॉटमध्ये सारखा मिळावा म्हणून युनिट दिवसच्या दिवस थांबलं होतं.

मग पडदा झाकून टाका आणि तेच दृश्य नुसतं ऐका. तिथे मोठं काही वाजत नाही. एक रिकामा झोका कुरकुरतो आहे, आणि तो थांबत नाही.